चौथ्यांदा सरकलेलं बटण

साळूबाईचं नाव आधी लिहितो. भिंगारच्या बाजारामागच्या आळीत ती राहते. लष्कराच्या ठेकेदाराचा शिलाईचा कारखाना आहे, तिथं ती काज-बटण करते. मी आज बसून हे लिहितोय ते तिच्यामुळं. डॉक्टरसाहेबांचे उपकार आहेतच, त्यांनी पोट उघडलं आणि परत शिवलं. माझ्या थोरल्या भावाचेही आहेत, त्याचं रक्त माझ्या अंगात फिरतंय. पण या दोघांच्या आधी साळूबाई. तिला लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळं तिचं नाव पहिलं आलंय हे कोणीतरी तिला वाचून दाखवावं लागेल. ते मीच करीन.

मी शिकलेला माणूस नव्हे. चौथीत होतो तेव्हा वडील गेले आणि शाळा सुटली. कोल्हापुरात एका शिंप्याच्या हाताखाली मशीन शिकलो, आणि लढाई सुरू झाली तेव्हा खाकी कपड्यांचं काम भरपूर आहे असं कळल्यावर इकडं नगरजवळ भिंगारला आलो. घर लांब राहिलं. बायको, दोन मुलं, आई, सगळी गावी भावापाशी.

हे लिहायला मला इस्पितळातल्या मार्थाबाई सिस्टरनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोटाचा माणूस आला की पहिल्याच दिवशी पळून जायला बघतो. मी कितीही समजावलं तरी त्याला वाटतं, हिला काय होतंय बोलायला. तुमचं लिहिलेलं वाचून दाखवीन." म्हणून लिहितोय. औषधांची नावं मला ठाऊक नाहीत. भीती कशी असते ते मात्र ठाऊक आहे, तेवढं लिहितो.

०००

माझं गाव आजऱ्याच्या बाजूला, डोंगरात. चार महिने पाऊस उघडत नाही, आणि उघडला की हिवताप सुरू होतो. आमच्याकडं पोरांची पोटं पुढं आलेली आणि हातपाय काड्यांसारखे असतात. डाव्या बरगडीखाली हात लावला की दगडासारखं लागतं. त्याला पानथरी म्हणतात. त्यावर औषध एकच, डाग. मी सहा वर्षांचा असताना आईनं माझे हात धरले, आण्णानं म्हणजे थोरल्या भावानं पाय धरले, आणि गावातल्या एका जाणत्यानं विळ्याचं टोक तापवून माझ्या बरगडीखाली तीन डाग दिले. ताप गेला की नाही ते आठवत नाही. डाग राहिले.

त्यामुळं भिंगारला त्याच जागी दुखायला लागलं तेव्हा मला कोणाला विचारायची गरजच वाटली नाही. लहानपणची पानथरी पुन्हा उठली, बस. कॅम्पाजवळ एक म्हातारा बिब्ब्याचे डाग देतो असं कळलं, त्याच्याकडं गेलो. त्यानं जुने डाग बघितले, मान हलवली आणि त्यांच्याखाली नवे तीन दिले. एका रेषेत सहा, सदऱ्यावर काजाच्या खुणा केल्यासारखे. भाजल्याची आग इतकी होती की आतलं दुखणं चार दिवस जाणवलंच नाही. मला वाटलं, गुण आला.

गुण नव्हता आला. भाकरी अर्धी झाली. दोन घास खाल्ले की पोट तट्ट भरल्यासारखं व्हायचं. आणि मी बारीक होत होतो. ते मला कसं कळलं नाही, हे सगळ्यांत आधी सांगितलं पाहिजे.

शिंप्याचे कपडे कधी सैल दिसत नाहीत. दुसरा कोणी वाळला की त्याचा सदरा लोंबायला लागतो, विजार घसरते, लोक विचारतात, काय रे, बरं नाही का. माझी विजार सैल झाली की मी मागची शिवण आत धरायचो. सदऱ्याच्या बगला धरायचो. काम हातातलं, मशीन समोर, पाच मिनिटांचा खेळ. मी झिजत होतो आणि माझं मापही रोज नवं करत होतो, त्यामुळं मला कपडा नेहमी अंगाबरोबर बसायचा. आरशात बघितलं तर ठाकठीक माणूस.

आमच्या कारखान्यात एक रीत आहे. मशीनवाला सुई-दोऱ्याच्या हातकामाला हात लावत नाही. बटण असो, हूक असो, ते साळूबाईकडं जायचं. स्वतःच्या विजारीचं असलं तरी.

०००

मार्गशीर्ष महिना होता. दुपारच्या सुट्टीत मी माझी विजार तिच्या पुढ्यात टाकली.

"ही कुनाची?" तिनं विचारलं.

"माझीच. कंबर सैल झालीय, बटण जरा सरकव, मावशी."

"जरा म्हंजी किती?"

"अर्धं बोट."

तिनं सुई घेतली नाही. विजारीची पट्टी डोळ्यांजवळ नेली, तिच्यावरून अंगठा फिरवला. "गौरीच्या टायमाला अर्धं बोट. दसऱ्याला अर्धं. दिवाळीत अर्धं. आन् आता हे चौथं. मागली शिवन तू येगळीच धरलीस. मला काय आंधळी समजतो व्हय रं?"

"उपास धरलेत, मावशी."

"कुनाचं? येका वाराचं का साती वारांचं?"

शेजारचे दोघंतिघं हसले. मीही हसलो. ती हसली नाही. हसणारे आपापल्या डब्यांकडं वळल्यावर तिनं आवाज खाली आणून विचारलं, "जेवतो किती?"

"अर्धी भाकरी. मग पोट भरतं."

"आन् परसाकडला कसं व्हतं? काळं? डांबरावानी?"

एका बाईनं असं विचारावं याची मला लाज वाटली. पण तिला हे कसं कळलं? मी मान खाली घातली. तिला तेवढं पुरलं.

"माज्या मालकाचं असंच हुतं," ती म्हणाली. "ते धोतर नेसायचे. धोतराला बटन नसतंय. वाळत गेले तसं आनखी खोचत गेले, मला कळलंच न्हाई. कळलं तवा लई उशीर झाल्ता. दवाखान्यात नेलं, तिथं म्हनले पोट कापावं लागंल. मी भ्याले, आन् घरी घिऊन आले." तिनं रिळाचा दोरा दात लावून तोडला, उगीचच, हातात सुई नसताना. "उद्या अर्धी सुट्टी काढ. माज्यासंगं यायचं."

"अगं, पानथरी आहे ती—"

"तुजी पानथरी तिकडं दाखव. मला शिकवू नगंस."

०००

मिशनच्या इस्पितळात डॉक्टरसाहेबांनी सदरा वर करायला सांगितला आणि ते सहा डागांकडं बघत राहिले.

"हे कोणी केलं?"

"पानथरीसाठी, साहेब."

त्यांनी बोटं रुतवून चाचपलं. "पानथरी आहे तुमची. ती प्लीहा, सगळ्यांनाच असते; तुमची लहानपणच्या तापानं चांगली मोठी झालीय. पण दुखणं तिचं नाही."

दुसऱ्या दिवशी खडूच्या पाण्यासारखं काहीतरी ग्लासभर प्यायला देऊन अंधाऱ्या खोलीत फोटो काढला. तिसऱ्या दिवशी मला आणि साळूबाईला आत बोलावलं. जठरात गाठ आहे, कॅन्सर असावा, असं ते म्हणाले. तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. साळूबाईनं ऐकलेला होता. तिनं पदर तोंडाशी नेला, त्यावरून मला कळलं.

मी म्हणालो, "औषध द्या, साहेब. घेईन कितीही दिवस."

"याला औषध नाही. गाठ आहे तेवढा भाग कापून काढायचा."

"आणि नाही काढला तर?"

"तर पुढची दिवाळी दिसणार नाही. काढला तरी मी हमी देत नाही. टेबलावरसुद्धा माणूस जातो. पण काढला तर जगायची वाट आहे, आणि नाही काढला तर वाट नाही." मग त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. जवळच्या नातेवाइकाची सही, आणि लागलं तर रक्त देईल असं माणूस.

बाहेर येऊन मी पायरीवर बसलो. समोर कडुलिंबाखाली रोग्यांच्या बायका तीन दगडांच्या चुलींवर भाकऱ्या भाजत होत्या. भाकरीचा वास आला आणि मला रडू आलं. बाकी कशानं नाही, वासानं. साळूबाई शेजारी बसून राहिली. समजूत घातली नाही की पाठीवर हात फिरवला नाही. मग म्हणाली, "तार कर गावाला."

०००

आमच्या गावात तार आली म्हणजे कोणीतरी गेलं, एवढाच अर्थ. नंतर बायको सांगत होती, तारवाला दारात आला तशी आईनं हंबरडा फोडला आणि बायकोचा हात कपाळाच्या कुंकवाकडं गेला. तेवढ्यात शाळेच्या गुरुजींनी तार वाचली. आजारी आहे, भावाला पाठवा.

आण्णा येईपर्यंत पाच दिवस मी वॉर्डात पडून होतो. पहाटे घंटा, मग तापमापक, मग झाडणं-पुसणं, मग प्रार्थना, मग डॉक्टरांची फेरी. फेरीची वेळ झाली की बोलणारे वॉर्डभर गप्प होत. डॉक्टर कोणाच्या खाटेपाशी जास्त थांबतात ते प्रत्येकजण मोजायचा. माझ्या खाटेपाशी जास्त थांबायचे.

शेजारी सुप्याकडचे एक म्हातारबाबा होते, अंतर्गळाचं ऑपरेशन झालेले. मी शिंपी आहे हे कळल्यावर त्यांना विषय मिळाला. "डाक्टरला सांगून ठेव," ते म्हणायचे, "टाका बारीक घाल, गिऱ्हाईक जानतं हाय." मला त्यांचा राग यायचा आणि ते झोपले की करमायचं नाही.

आण्णा आला तो ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी. कोल्हापूर, मिरज, पुणे, दौंड करत, खांद्यावर घोंगडं, हातात घनसाळ तांदळाची पिशवी. माझ्या तोंडाकडं त्यानं एकदाच बघितलं आणि मग सगळं बोलणं खाटेच्या पायाकडं बघून केलं.

"ऊठ. चल घरला."

"आण्णा, डॉक्टर म्हणतात—"

"म्हणंनात. प्वाट फाडल्यालं मानूस कुटं जगतंय व्हय? आपल्याकडं डाग देनारा हाय. न्हाई गुण आला तर न्हाई आला. मरायचंच आसंल तर आपल्या दारात मर. आईला तोंड तरी बघू दे."

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्या मनातलंच तो बोलत होता. मी उठलो आणि गाठोडं बांधायला लागलो. मार्थाबाई आल्या, त्यांनी बघितलं. भांडल्या नाहीत. "जायचं असेल तर दुपारपर्यंत सांगा," एवढंच म्हणाल्या, "उद्याचं टेबल दुसऱ्या पेशंटला देता येईल."  माझी जागा कोणाला तरी मिळणार होती, आणि तो कोणी वाचणार होता.

दुपारच्या सुट्टीत साळूबाई आली. गाठोडं बघितलं, आण्णाला बघितलं. वाद घालील असं मला वाटलं होतं. तिनं गाठोडं सोडलं, त्यातली माझी विजार काढली, कमरेच्या पिशवीतून छोटी कात्री काढली आणि मागची शिवण टराटरा उसवली. चांगली शिवण होती. मला कसंतरीच झालं.

"धरा," ती आण्णाला म्हणाली.

आण्णानं विजार दोन्ही हातांनी धरली. आत दुमडलेलं कापड उघडं पडलं होतं. कोरं, न विटलेलं, आणि त्यावर शिवणीच्या जुन्या रेषा एकीपलीकडं एक.

"ही गौरीची. ही दसऱ्याची. ही दिवाळीची. ही परवाची. आता म्होरं बघा. हितं बटन हुतं, मग हितं, मग हितं, मग हितं. भोकं दिसत्यात का? आता मोजा. तुमचीच बोटं लावा."

आण्णाची बोटं नांगर धरून जाड झालेली. त्यानं एकेक बोट पट्टीवर टेकवलं. पुढची मोजली, मग मागची. त्याच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. सात बोटं भरली. त्यानं पुन्हा मोजली. पुन्हा सात.

"किती दिसात?"

"चार म्हैन्यांत."

मग पहिल्यांदा तो माझ्याकडं नीट बघून बोलला. "आपल्या पवळ्या बैलाचं एवढं उतारलं आसतं, तर म्या दुसऱ्या दिशी ढोराच्या डाक्टराकडं न्हेला आसता."

त्यानं विजारीची घडी घालून माझ्या उशाशी ठेवली. 

"आंगठा कुटं लावायचा?" आण्णानं विचारलं.

०००

ऑपरेशनचं मला एवढंच आठवतं. तोंडावर जाळी, गोडसर उग्र वास, आणि कोणीतरी आकडे म्हणायला सांगितलं. मी टेपचे इंच मोजल्यासारखे म्हणत गेलो. बावीसपर्यंत गेलो असेन. तेव्हा माझी कंबर चोवीस होती, तिथपर्यंत पोचलो नाही.

बाकीचं आण्णाकडून कळलं. सकाळी नेलेला, दुपार झाली तरी दार उघडेना. मग मार्थाबाई बाहेर आल्या, दोन्ही बाह्या लाल. माझी पानथरी जठराला घट्ट चिकटलेली निघाली होती. सोडवताना ती फाटली आणि रक्त थांबेना. ती काढून टाकण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि रक्त हवं होतं, आत्ताच्या आत्ता. साळूबाईनं आधी हात पुढं केला. तिचं जुळलं नाही. आण्णाचं जुळलं.

आण्णाची समजूत अशी होती की एकदा गेलेलं रक्त परत भरत नाही, माणूस जन्माचा अधू होतो. त्या समजुतीसकट त्यानं हात दिला. "बाटली भरताना बगत हुतो," तो नंतर सांगायचा. "म्हनलं आता भरंल, मग भरंल. लई मोटी बाटली." आणि पुढं जन्मभरासाठी त्याला एक वाक्य मिळालं. "माज्या रगतावर चाललाईस, गप ऐकायचं."

मला शुद्ध आली तेव्हा नाकात नळी होती, हाताला सुई होती आणि घसा वाळूनं भरल्यासारखा झाला होता. जठराचा बराच भाग गेला होता. पानथरी गेली होती. जिच्यासाठी सहा डाग सोसले तिचा गुन्हा काहीच नव्हता, आणि शिक्षा तिलाच झाली होती.

०००

तहानेबद्दल लिहिलं पाहिजे, कारण वेदनेचं लोक सांगतात, तहानेचं सांगत नाहीत.

मला पाण्याचा थेंब द्यायचा नव्हता. आतले टाके ओले होते, पाणी गेलं तर उसवतील असं मार्थाबाईंनी तिघांनाही बजावलं होतं. हातातल्या सुईतून पाणी अंगात जातंय, असं त्या सांगायच्या. असेल. जिभेला ते काय कळणार? साळूबाईनं कारखान्यातून सुट्टी घेतली होती. ती उशाशी बसून ओल्या कापसानं माझे ओठ पुसायची. "व्हट भिजव, घसा न्हाई," हे तिचं चालूच. कापूस तोंडात धरून मी चोखायला गेलो की ती काढून घ्यायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आण्णाकडं पाणी मागितलं. मागितलं कसलं, भीक मागितली. लहानपणी आजऱ्याच्या ओढ्यात आम्ही दोघं पालथे पडून पाणी प्यायचो, ते त्याला आठवून दिलं. आई इथं असती तर तिनं दिलं असतं, असंही म्हणालो. आण्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. साळूबाई कापूस बदलायला गेली होती. त्यानं तांब्या उचलला, माझ्या मानेखाली हात घातला.

"घोटभरानं काय व्हतंय," तो म्हणाला. मला नव्हे, स्वतःलाच.

तांब्याची कड माझ्या ओठाला लागली होती, गार. तेवढ्यात साळूबाई आली. ओरडली नाही. आण्णाच्या हातातून तांब्या काढून घेतला, तोंडाला लावला आणि उभ्या उभ्या सगळा पिऊन टाकला. तिच्या गळ्याची हालचाल मी बघत होतो. शेवटचा घोट संपला तशी तिनं रिकामा तांब्या खाटेखाली पालथा घातला.

मी तिला शिवी दिली. इथं लिहिता येणार नाही अशी. आईच्या वयाच्या बाईला. आण्णा खाली मान घालून उभा होता.

"दे," ती म्हणाली, "आनखी दे. माज्या मालकानं येक थेंब पानी मागितलं तवा मी तांब्याभर दिलं, आन् त्यांनी मला आशीर्वाद दिला. शिवी बरी."

पुन्हा ती कापूस घेऊन बसली. मी तोंड फिरवून घेतलं. तिनं वाट बघितली. मान अवघडली तेव्हा मी वळलो, आणि ओठ पुढं केले.

पाचव्या दिवशी पहिला चमचा पाणी मिळालं, मार्थाबाईंच्या हातून. त्या पाण्याची चव मला अजून सांगता येत नाही.

०००

सहाव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. दात वाजत होते, खाट हलत होती. डॉक्टरसाहेबांचा चेहरा उतरला, पोटात पू झाला असावा असं त्यांना वाटलं. त्यांनी बोटातून रक्त काढून नेलं आणि तासाभरानं जवळजवळ धावतच आले. पू नव्हता. आजऱ्याचा हिवताप होता, इतकी वर्षं अंगात दडून बसलेला. पानथरी गेली तसा तो मोकळा सुटला. त्यांनी क्विनीन सुरू केलं. कानांत घणघण व्हायची, पण ताप उतरला.

तेव्हा त्यांनी आण्णाला बसवून सांगितलं, की यापुढं मला हिवतापापासून जपायला हवं. पानथरी असलेल्या माणसाला जो ताप येऊन जातो, तो मला घेऊन जाऊ शकतो. मच्छरदाणीशिवाय निजायचं नाही, आणि पावसाळ्यानंतर गावाकडं राहायचं नाही.

आण्णा मला घरी न्यायला आला होता. गेला तो एकटाच, उरलेले तांदूळ साळूबाईच्या पदरात ओतून. जाताना तिच्या पाया पडला आणि निघाला. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं माझी बायको आणि मुलं आणून पोचवली. आई आली नाही. नगरवाल्यांनी माझं लेकरू ठेवून घेतलं, असं ती अजून म्हणते. तिचं चुकत नाही. घरचा मी आता पाहुणा, उन्हाळ्यातले पंधरा दिवस.

काढलेली गाठ पुण्याला तपासायला पाठवली होती. ती कॅन्सरचीच होती, पण कापलेल्या कडा स्वच्छ आहेत, असं उत्तर आलं. म्हणजे बरा झालो का, असं मी विचारलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "दर सहा महिन्यांनी येऊन दाखवा. मी तुम्हाला आज बरं म्हणतो. उद्याचं उद्या म्हणेन." आता दोन वर्षं होत आली. दाखवायला जायच्या आदल्या दिवशी अजून मला जेवण जात नाही. हे लपवत नाही, कारण वाचणाऱ्याला वाटेल की भीती एका दिवशी संपते. ती संपत नाही, तिच्याबरोबर कामाला जाता येतं.

जेवण दिवसातून सहा वेळा, चिमणीएवढं. कारखान्यात मी मधेच उठून डबा उघडतो तेव्हा कोणी काही म्हणत नाही. पोटावरचे टाके मात्र मी बघितले आहेत, सुटे आणि सरळ. सुप्याचे म्हातारबाबा इस्पितळात भेटले की विचारतात, "काय, पसंत पडलं का काम?" मी म्हणतो, "दुमड थोडी जास्त धरलीय."

०००

गेल्या दसऱ्याच्या आधी माझी विजार कमरेला आवळायला लागली. दोन दिवस मी कोणाला बोललो नाही, खोटं ठरेल म्हणून. मग साळूबाईच्या पुढ्यात टाकली.

"मावशी, बटण सरकव. बाहेरच्या अंगाला."

"किती?"

"अर्धं बोट."

 तिनं जुनं बटण उसवलं आणि पट्टीवर अंगठ्यानं आधीच्या जागेची भोकं शोधायला लागली. शोधत राहिली. भोकं माझ्या डोळ्यांना लख्ख दिसत होती. तिनं सुई माझ्यापुढं केली.

"येवढा दोरा ववून दे रं. उजेड न्हाई हितं."

भर दुपार होती. खिडकीतून ऊन तिच्या मांडीवर आलं होतं.

तेव्हापासून मी लक्ष ठेवून आहे. मोतीबिंदू आहे, उजव्या डोळ्यात पांढरट टिकली दिसते. मार्थाबाई म्हणतात, काढता येतो. ऑपरेशन छोटं, पण नंतर आठवडाभर दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोकं हलवायचं नाही, आणि उशाशी माणूस पाहिजे. मी एकदा विषय काढला. मला ओढत इस्पितळात नेणारी ही बाई म्हणाली, "डोळ्याला सुरी? मी न्हाई लावून घेत. दिसतंय तेवढं बास हाय. आन् माज्या उशाशी कोन बसनार? हाय का कुनी मागं?"

मी तेव्हा विषय सोडून दिला. पण कापडाची एक पट्टी माझ्या टेबलाच्या खणात आहे. तिच्या हातचं काज चुकून टाकाऊ मालात आलं की मी ते कापून त्या पट्टीवर जोडतो. जुन्या चिंध्यांत सापडलेलं दोन वर्षांपूर्वीचं, गेल्या वर्षीचं, आखाडातलं, परवाचं. पहिलं रेषेसारखं सरळ आहे, शेवटचं वाकडं, टाके एकमेकांवर चढलेले. तिला दिसणार नाहीत, पण अंगठ्याला कळतील. सात-आठ जमली की पट्टी तिच्या हातात देईन आणि म्हणेन, धर, तुझाच अंगठा लाव.

साळूमावशी, हे तुला मी वाचून दाखवतोय तर आता उठून जाऊ नकोस. इस्पितळाच्या त्या दारातून मी तुला आत नेणार आहे. डोळ्यांवरची पट्टी सुटेपर्यंत उशाशी मी बसेन. आणि तू मला शिव्या दे, हव्या तेवढ्या, मी हलणार नाही.